दवाखान्याच्या डब्याची झडप

पळसदरीच्या हिरामणला सुतारकी वारशानं मिळाली नव्हती. घर शेतकऱ्याचं. डोंगराच्या पायथ्याशी भाताची थोडी खाचरं होती, ती थोरला भाऊ कसायचा. हिरामण तरुणपणी कर्जतच्या रेल्वे यार्डात ओझी उचलायला लागला. तिथं आगगाडीच्या डब्यांची लाकूडकामं चालायची. एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं कधीतरी त्याचा हात बघितला, डोक्यावरची पाटी उतरवून घेतली आणि रंधा पुढं केला. तेव्हापासून हिरामण खिडक्यांचा माणूस झाला. आगगाडीच्या खिडक्यांना लाकडी झडपा असत. सागाच्या तिरक्या पट्ट्या, एकीच्या खाली एक अशा बसवलेल्या, की वारा आत यावा, उजेड यावा, पाऊस मात्र बाहेर राहावा. अशा किती झडपा त्याच्या हाताखालून गेल्या त्याचा हिशेब नव्हता. माणूस अबोल. दिवसभरात चार शब्द बोलला तर लोकांना नवल वाटायचं. काम मात्र असं पक्कं, की त्यानं एकदा बसवलेली पट्टी पुन्हा दुरुस्तीला येत नसे.

घरी बायको अंबाबाई आणि एकच मुलगी, मैना. तिच्याआधीची दोन मुलं आणि पाठचं एक देवीच्या साथीत गेलेली. मैनेचं लग्न लवकर केलं, शेलूला दिली. नवरा दुसऱ्याच वर्षी तापानं गेला. सासरच्यांनी तिला एका गाठोड्यासकट आगगाडीत बसवून दिलं आणि परत कुणी विचारपूस केली नाही. सोळा-सतरा वर्षांची पोर आईच्या चुलीपाशी येऊन बसली. गावातल्या बायका वाईट नव्हत्या, पण हळदीच्या दिवशी हिला बोलवावं की न बोलवावं या विचारात पडायच्या, आणि मग न बोलवणंच सोपं जायचं. मैना रडत नसे. घरातली सगळी भांडी एकदा घासून झाली की ती परत काढून घासत बसे. हिरामण कामावरून आला की त्याला ते लखलखीत तांबे दिसायचे आणि तो ताटावरून लवकर उठायचा.

लढाईची वर्षं होती ती. मुंबईत बाँब पडणार अशा आवया उठल्या तेव्हा बरीच माणसं शहर सोडून इकडं आली, त्यांत एक म्हातारे डॉक्टर होते. बाकीचे हळूहळू परत गेले, डॉक्टर कर्जतलाच राहिले. त्यांनी एक अजब गाडी आणली होती. कुणा साहेबानं शिकारीला आणि सहलीला फिरता यावं म्हणून लाकूड आणि पत्रा वापरून एक खोलीच बांधून घेतली होती, दोन चाकांवर. आत बिछाना, टेबल, स्टोव्ह, सगळं. ती मोटारीला मागं जोडायची आणि हवं तिथं न्यायची. साहेब पलटणीत निघून गेला आणि ती तशीच उभी राहिली होती. डॉक्टरांनी ती घेतली, बिछाना काढून औषधांची कपाटं लावली आणि एका जुन्या लॉरीला जोडली. लॉरी चालवायला येसाजी नावाचा चौक गावचा माणूस ठेवला. मग कर्जतहून चौक, लोधिवली, खालापूर, आडबाजूच्या वाड्या, असा हा दवाखाना हिंडू लागला. रेल्वेच्या बाजूची माणसं, त्यामुळं सगळे त्याला डबाच म्हणत. दवाखान्याचा डबा.

अंबाबाईच्या पाठीला मोठं गळू झालं तेव्हा मैना तिला डब्याकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी गळू फोडलं. चिमणी धरायला कुणी नव्हतं म्हणून मैनेनं धरली. पू आला, रक्त आलं, आई कळवळली, पण चिमणीची ज्योत काही हलली नाही. डॉक्टरांनी हात धुता धुता तिच्याकडं पाहिलं.

"काय करतेस तू घरी?"

"काय नाय," मैना म्हणाली.

"मग इथं ये. बाटल्या धुवायच्या, पट्ट्या करायच्या. पुढं टोचायला शिकवीन."

अंबाबाईला ते पसंत पडलं नाही. पुरुषांबरोबर लॉरीतून गावोगाव हिंडायचं, लोक काय म्हणतील. संध्याकाळभर ती बोलत राहिली. हिरामण ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "जाऊ दे तिला. हितं बसून तांबे झिजवंल ती."

घरात त्यानं असा शब्द क्वचितच टाकलेला. म्हणून तो राहिला.

मैना बदलली. सकाळी कर्जतपर्यंत बापाबरोबर रुळांच्या कडेनं चालत जायची, संध्याकाळी परत. वाटेत ती बोलायची आणि तो ऐकायचा. कुठल्या वाडीत कुणाचं मूल ताप उतरल्यावर पेज मागायला लागलं, कोण म्हातारी सुई बघून शेतातून पळाली, हे सगळं. लोधिवलीत तर अंबाबाईचं माहेर. तिथं तिनं स्वतःच्या मामाला टोचलं आणि मामा डोळे मिटून बसला होता, हे सांगताना ती रस्त्यात थांबून हसली. हिरामणनं तिचं हसू किती दिवसांनी ऐकलं होतं.

डब्याचं एक दुखणं मात्र होतं. दार मागच्या बाजूला. दोन्ही कुशींना दोन अरुंद खिडक्या, त्यांना औषधं चोरीला जाऊ नयेत म्हणून लोखंडी गज. पण समोर, लॉरीच्या पाठीशी, एक मोठी रुंद काच होती. साहेबाला बसल्या बसल्या डोंगर दिसावेत म्हणून लावलेली. रस्ते खडीचे. लॉरीच्या मागच्या चाकांखालून उडालेला दगड थेट त्या काचेवर यायचा. मोठ्या रस्त्यावर पलटणीच्या गाड्यांची रांग सुसाट पुढं निघून जाई, तेव्हा तर खडीचा मारा व्हायचा. आणि बाटल्या पडू नयेत म्हणून चालत्या गाडीत मैना आतच बसायची, कपाटांना हात लावून. डॉक्टर पुढं येसाजीच्या शेजारी.

एकदा काच फुटली आणि मैनेचा गाल चिरला. डॉक्टरांनी टाके घातले. ती घरी आली तेव्हा अंबाबाईनं तो गाल बघितला आणि म्हणाली, "आता पुरं झालं."

"काच फुटली, आये. मी नाय फुटले," मैना म्हणाली.

नवी काच लढाईमुळं मिळेना. डॉक्टरांनी मुंबईत ओळखीपाळखी लावून कशीबशी एक आणवली आणि बजावलं की ही शेवटची. त्या रात्री हिरामण जेवताना म्हणाला, "काचेला बाहेरनं कायतरी घालाय पायजे. मी बघतो."

पहिल्यांदा त्यानं बांबूच्या कामट्यांची जाड चटई विणून काचेवर बांधली. ती दोन-तीन फेऱ्यांत फाटून लोंबायला लागली. मग घासलेटचे रिकामे डबे कापून, ठोकून सपाट केले आणि त्याचा पत्रा लावला. दगड थांबले, पण आत मिट्ट अंधार झाला, आणि खडी त्या पत्र्यावर आदळली की असा आवाज व्हायचा की मैनेचे कान संध्याकाळपर्यंत गुणगुणत राहायचे. शिवाय उकाडा. बाटलीवरची चिठ्ठी वाचायला तिला दार उघडं ठेवावं लागायचं. तिनं कुरकुर केली नाही, पण हिरामणला वाटेत चालताना ते कळलं, कारण ती नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलत होती.

मग त्याला जे येत होतं तेच त्यानं करायचं ठरवलं. आगगाडीची झडप. यार्डातल्या मिस्त्रीला सांगून त्यानं मोडीत निघालेल्या डब्याचं सागवान आणलं. घराच्या पडवीत बसून चौकट केली, पट्ट्या तासल्या, चौकटीला तिरक्या खाचा पाडल्या आणि एकेक पट्टी खाचेत ठोकून बसवली. आगगाडीच्या पट्टीपेक्षा जाड, कारण इथं पावसाशी नाही, दगडाशी गाठ होती. मागून तारेची जाळी ताणली. मैना शेजारी बसून पट्ट्या पॉलिश कागदानं घासून द्यायची. अंबाबाईसुद्धा दळण आटपून येऊन बसायची. घरात ते दिवस बरे गेले. पुढं हिरामणला आठवायचे ते हेच दिवस, आणि त्याला ते नको व्हायचे.

झडपेला त्यानं वरच्या बाजूनं बिजागऱ्या लावल्या, खाली कडी. वर उचलली की काच मोकळी. डॉक्टर खूश झाले. आत उजेडाच्या पट्ट्या पडायच्या, वारा यायचा, दगड टणकन लागून खाली पडायचे. पण ते आगगाडीचे रूळ नव्हते. कर्जत-चौक रस्त्यावर डबा असा उसळायचा की कडी आपोआप निसटायची. एकदा लोधिवलीच्या अलीकडं झडप उघडली, वाऱ्यानं वर गेली आणि परत येऊन काचेवर आपटली. काच तडकली. फुटून पडली नाही एवढंच. त्या दिवसांत शहरात काचांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवत, तशा डॉक्टरांनी चिकटवल्या.

येसाजी झडप काढून हिरामणकडं घेऊन आला. "दादा, ही कडी ऱ्हायची नाय. दुसरं काय तरी करा. आता काच मिळनार नाय."

हिरामणनं दुसरी कडी करून पाहिली, मग खुंटी, मग दोरी. काही धड टिकेना. शेवटी तो रविवारी स्वतः डब्यापाशी गेला. बिजागऱ्या काढून टाकल्या. गिरमिटानं चौकटीतून डब्याच्या लाकडात आरपार भोकं पाडली, चारी कोपऱ्यांत लांब बोल्ट घातले आणि बाहेरून नट आवळले. धक्क्यानं नट ढिले होतात हे त्याला यार्डातून ठाऊक होतं. म्हणून त्यानं बोल्टांची टोकं हातोडीनं ठोकून चेपली, त्यांच्या बसक्या मुंड्या केल्या. आता नट फिरणं शक्य नव्हतं. त्यानं दोन्ही हातांनी झडप धरून ओढून पाहिली. ती डब्याचाच भाग झाली होती.

डॉक्टर जवळ उभे होते. येसाजी टायरला हवा भरत होता. मैना आतून पट्ट्यांमधून बघत म्हणाली, "मस्त झालं, बा." ही आता उघडायची कशी, हे कुणीच विचारलं नाही. पुढच्या वर्षांत हिरामण या गोष्टीपाशी पुन्हा पुन्हा यायचा. चौघं होतो तिथं. एकानं तरी विचारायचं.

त्यानंतर दगड कितीही आले तरी काचेला काही झालं नाही. पावसाळा अर्धा सरला. श्रावणात खालापूरच्या बाजूला एका वाडीत पटकीची साथ आल्याचा निरोप आला. पाताळगंगेला मिळणाऱ्या एका ओढ्यावरून फरशी होती, म्हणजे पाण्यातूनच जाणारा दगडी रस्ता, पाऊस थांबला की एरवी घोट्याएवढं पाणी. त्या दिवशी गुडघ्याएवढं होतं आणि गढूळ. येसाजीनं लॉरी थांबवली.

"थोडा वेळ थांबू, सायेब. उतरंल."

डॉक्टरांनी पाण्याकडं पाहिलं, पलीकडं पाहिलं. तिकडं माणसं मरत होती. "हळू घे," ते म्हणाले.

मैना नेहमीप्रमाणं आत होती. फरशीच्या मध्यावर डब्याचं एक चाक खड्ड्यात गेलं, झटका बसला आणि लॉरीच्या आकड्यातली खीळ तुटली. लॉरी पुढं निघून गेली. डबा पाण्याच्या ओढीनं मागं फिरला, फरशीच्या कडेवरून मागच्या अंगानं खाली घसरला आणि एका खडकाला टेकून तिरका उभा राहिला. दार पाण्याखाली गेलं. समोरची बाजू वर, पाण्याच्या बाहेर.

हिरामण त्या वेळी यार्डात होता. त्याला बोलवायला आलेल्या माणसानं नुसतं एवढंच सांगितलं, की मैनेला घरी आणलंय. हिरामणनं हत्यारं पिशवीत भरली, पिशवी नेहमीच्या जागी ठेवली आणि चालायला लागला. कसं काय, हे त्यानं विचारलं नाही. अर्ध्या वाटेत त्याच्या लक्षात आलं की आपण धावतोय.

बायका तिला न्हाऊ घालत होत्या. अंबाबाई रडत नव्हती. ती मैनेचे हात पुसत होती, आणि एकाएकी थांबली. तिनं नवऱ्याला हाक मारली.

"ह्ये बघा काय हाय."

मैनेच्या बोटांची सालं निघाली होती आणि तळव्यात, अंगठ्याच्या खाली, लाकडाची एक लांब कूस रुतलेली होती. हिरामणनं खाली बसून ती नखानं ओढून काढली. पाण्यात भिजून काळी पडली होती, तरी त्यानं ओळखली. साग. कडेला रंधा मारलेली.

"बोटं खडकावर घासली असतील," कुणीतरी म्हणालं.

हिरामणनं ती कूस मुठीत धरली आणि मैनेला नदीवर नेईपर्यंत मूठ उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी तो एकटाच निघाला. ओढ्याचं पाणी उतरलं होतं. तिथल्या गावकऱ्यांनी आदल्या दिवशीच, मैनेला बाहेर काढायला, बैल लावून डबा काठावर ओढून आणला होता. तो कुशीवर पडला होता, आतून पाणी आणि औषधं अजून गळत होती. येसाजी तिथंच एका दगडावर बसला होता. घरी गेला नव्हता, जेवला नव्हता. हिरामणला बघून तो उठला आणि पुन्हा बसला.

हिरामण डब्याच्या समोरच्या बाजूला गेला. काच आतून फोडलेली होती. जाळी फाटली होती. पट्ट्यांपैकी मधल्या दोन मोडल्या होत्या आणि तिसरीला तडा गेला होता. बाहेरून पहारीचे घाव होते, चौकटीवर, बोल्टांवर. बोल्टांच्या मुंड्या तशाच होत्या. एकही बोल्ट हलला नव्हता.

"तू मारलास?" हिरामणनं विचारलं.

"व्हय."

"किती येळ होती ती?"

येसाजीनं तोंड फिरवलं. "दादा, कशाला इचारता."

"सांग."

मग येसाजीनं सांगितलं. तो पोहत येऊन डब्यावर चढला होता. पाना लावून पाहिला, नट फिरेना. पहार घेऊन पट्ट्यांवर मारायला लागला. आत पाणी चढत होतं, मैना वर येऊन जाळीपाशी होती, आतून स्टोव्हनं मारत होती. तिची बोटं पट्ट्यांमधून दिसत होती, म्हणून त्याला मारताना भीती वाटत होती.

"काय म्हनाली का?"

"म्हनाली, काका, बाचं काम हाय, सुटायचं नाय, जोरात मारा." येसाजीनं पहारीवर हात ठेवला. "घाबरली नव्हती ती, दादा. मलाच सांगत होती कुठं मारायचं त्ये. कोपऱ्यात नको, मधी मारा म्हनली. दोन पट्ट्या गेल्या. अजून दोन गेल्या असत्या तर हात घालून वडली असती. मग डबा खडकावरनं सुटला."

हिरामणनं झडपेवर हात फिरवला. मधे मारा म्हणाली. ते बरोबर होतं. पट्टी मधे कमजोर असते, हे तिनं पडवीत बसून पट्ट्या घासताना बघितलं होतं. मग त्यानं येसाजीची पहार उचलली आणि मारायला लागला. पट्ट्यांवर, चौकटीवर, बोल्टांवर. येसाजीनं त्याला अडवलं नाही. सगळ्या पट्ट्या तुटल्या, चौकट फाटली, आणि तरी ती कोपऱ्यांना लटकून राहिली. हिरामण दमला आणि त्यानं पहार खाली टाकली.

मैना गेली यात आपला दोष आहे असं म्हणणारे तिघंजण होते. येसाजी म्हणे, खीळ मी बघायला हवी होती. डॉक्टर म्हणाले, मी चल म्हणालो. ते पळसदरीला येऊन अंबाबाईच्या समोर जमिनीवर बसले, म्हातारा माणूस, आणि हात जोडून राहिले. त्यानंतर त्यांनी दवाखाना बंद केला आणि मुंबईला गेले. ज्या वाडीला ते त्या दिवशी पोचणार होते तिथं पुढं काय झालं, ते हिरामणनं कधी विचारलं नाही. येसाजीनं लॉरी सोडली. तिसरा हिरामण. तो कुठं जाणार?

त्यानं अंबाबाईला सगळं सांगितलं. येसाजी म्हणाला ते शब्दसुद्धा. तिनं चुलीकडं तोंड करून ऐकलं.

"झडप मी ठोकली," तो म्हणाला.

"ठाऊक हाय मला."

तिनं शिव्या दिल्या नाहीत, कपाळ बडवून घेतलं नाही. रोज त्याला ताट वाढायची, पाण्याचा तांब्या ठेवायची आणि तो जेवेपर्यंत बाहेर जाऊन बसायची. शेजारणींनी तिला सांगून पाहिलं, की त्याचा काय दोष, पोरीला जपायलाच केलं ना त्यानं. ती मान हलवायची. तिला ते पटत होतं. पटून काही होत नव्हतं.

हिरामण यार्डात परत गेला. मिस्त्री आता नवा होता. पहिल्या दिवशी हिरामणनं एका डब्याची झडप दुरुस्त केली, आत जाऊन बसला आणि ती आतून उघडते का ते पाहिलं. उघडली. परत लावली, परत उघडली. मग शेजारच्या खिडकीची पाहिली, मग पलीकडची. दुपारपर्यंत तो त्याच डब्यात होता. नव्या मिस्त्रीला कुणीतरी मैनेचं सांगितलं होतं, म्हणून त्यानं बरेच महिने सांभाळून घेतलं. पण एकेक खिडकी अशी बघत बसणाऱ्याचं करायचं काय? शेवटी त्याला कामावरून काढलं. हिरामणला त्याचं वाईट वाटलं नाही. संध्याकाळी येताना तो रुळांच्या कडेनं न येता रानातून लांबच्या वाटेनं आला.

घरी त्यानं खिडक्यांचे गज काढले. भिंत कोरून एकेक गज सोडवला आणि परसात नेऊन टाकला. मग मागच्या दाराची कडी काढली, मग पुढच्या दाराची. अंबाबाईनं दाराच्या आतून दोरीची गाठ मारायला सुरुवात केली. तीही तो सोडून ठेवायचा. गावात कुणाची मुलं माळ्यावर खेळताना दिसली तर तो उभा राहून विचारायचा, खाली यायला दुसरी वाट हाय का? पुढं पुढं लोक त्याला काम सांगेनासे झाले. कुणी नवं घर बांधलं तर हिरामण येऊन बघून जाईल म्हणून त्याला कळू देत नसत. पण तो यायचा, आणि खिडक्यांना गज दिसले की मालकाला सांगायचा, की काढा. कुणी समजूत काढायचं, कुणी हाकलून द्यायचं.

लढाई संपली. स्वातंत्र्य आलं, कर्जतला मिरवणूक निघाली, पळसदरीच्या स्टेशनावर झेंडा लागला. अंबाबाई शेजारणींबरोबर बघायला गेली. हिरामण घरीच होता.

एका पावसाळ्यात लावणीला माणसं हवीत म्हणून अंबाबाईचा भाऊ लोधिवलीहून आला आणि तिला घेऊन गेला. लावणी झाली तरी ती आली नाही. भाद्रपद आला. गौरी आल्या आणि गेल्या. हिरामणनं वाट पाहिली आणि मग एका सकाळी चालत निघाला. चौकपर्यंत एका बैलगाडीवाल्यानं बसवून घेतलं.

ती अंगणात वाल निवडत होती. त्याला बघून सूप बाजूला ठेवलं, पाणी आणून दिलं. दोघं ओटीच्या पायरीवर बसली.

"कवा येनार?" त्यानं विचारलं.

अंबाबाई हातातल्या वालाची साल काढत राहिली.

"तुमच्यावर राग नाय माजा," ती म्हणाली. "लोकांना वाटतंय राग हाय. नाय. पन त्या घरात ऱ्हावत नाय. वारा येतो, कुत्री येतात. झोपले की वाटतं मी बाहेर उघड्यावरच पडलेय. समदं मोकळं करून ठेवलंय तुमी. जायाला वाट हाय, पन कोन जानार हाय तिथनं?"

हिरामण खाली बघत होता.

"गज बसवाल?" तिनं विचारलं. "एका खिडकीला तरी. नायतर दाराला कडी. बाकीचं ऱ्हाऊ द्या तसंच. मी येते मग."

एवढं लांब बोलणं त्यांच्यात किती वर्षांत झालं नव्हतं. तिनं मागितलं होतं ते एका सकाळचं काम होतं. कडी लावायला आणि दारामागं आडवा आडणा ठोकायला कितीसा वेळ लागतो? हिरामणनं तोंड उघडलं. बसवतो, एवढा एकच शब्द म्हणायचा होता. त्याला ती कडी डोळ्यांपुढं दिसली, तिच्यातून जाणारा खिळा दिसला, आणि खिळ्यावर पडणारी स्वतःची हातोडी. त्याचे हात मांडीवर होते ते त्यानं एकमेकांत घट्ट धरले.

अंबाबाईनं वाट पाहिली. मग उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या होत्या.

"वाटेत खावा," ती म्हणाली. "उशीर करू नका. चौकवरनं गाडी मिळंल."

त्यानं फडकं घेतलं. गाडी मिळाली नाही, तो चालतच आला. पळसदरीला पोचला तेव्हा पावसाची सर येऊन गेली होती. उघड्या खिडकीतून पाणी आत आलं होतं आणि चूल भिजली होती. त्यानं जमीन फडक्यानं टिपून घेतली, कोपऱ्यातली कोरडी फाटी शोधून चूल पेटवली आणि पाणी ठेवलं.